तगरचे दुसरे मरण

ठाण्याचे, दक्षिण कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर या श्रेष्ठ नगराचे अधिपती, असा त्या बिरुदाचा अर्थ. हे बिरुद ताम्रपटांवर कोरले जात होते, तेव्हा या घराण्यांचे शासन सागरतीरी आणि पंचगंगेच्या खोऱ्यात चालत होते. तगर तेथून शंभराहून अधिक मैल दूर होते, आणि त्याचा वैभवकाळ तर कित्येक शतके मागे पडला होता. तरीही आपल्या कुळाचे नाते त्या नगराशी जोडण्यात राजांना भूषण वाटत होते. हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात 'तगर' या तीन अक्षरांना एवढे वजन होते.

आज हीच तीन अक्षरे एखाद्या सुशिक्षित मराठी कुटुंबात उच्चारून पाहावीत. बहुतेकांना अंगणातले पांढऱ्या फुलांचे झाड आठवेल. पाँपेई कोठे आहे हे त्या घरातल्या शाळकरी मुलाला ठाऊक असेल. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये झाला, हेही तो सांगू शकेल. परंतु त्याच काळात आपल्याच भूमीत, तेरणा नदीच्या काठी, सातासमुद्रापलीकडे नाव पोहोचलेले एक महानगर गजबजलेले होते, याची वार्ता त्याला नसते. यात त्या मुलाचा दोष नाही. ज्यांनी त्याला ही वार्ता सांगायची, त्यांनाच ती कोणी सांगितलेली नाही.

तगर म्हणजे आजचे तेर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचे, तुळजापूरच्या भवानीला जाणाऱ्या लक्षावधी मराठी कुटुंबांच्या वाटेपासून तासाभराच्या अंतरावरचे गाव. गाव नांदते आहे. नगर मात्र गेले. ते कोणत्याही आक्रमकाने एका रात्रीत जाळले नाही, की नदीच्या पुराने एका घासात गिळले नाही. ते हळूहळू मातीखाली गेले. आणि आता त्या मातीसकट ते नाहीसे होत आहे. पहिले मरण काळाने दिले. दुसरे मरण समाज देत आहे, आणि तेही आपण काय करीत आहोत याची जाणीव नसताना.

भडोचच्या बंदरात तगरचे कापड

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोण्या अनामिक ग्रीक भाषक दर्यावर्दीने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे सागरमार्गांचे वर्णन लिहिले. त्यात भडोच बंदरात, म्हणजे त्याच्या 'बारिगाझा'त, दक्षिणापथातून माल कोठून येतो याची नोंद आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड येत; तगरहून साधे जाडेभरडे कापड, तलम वस्त्रांचे अनेक प्रकार आणि रंगीत कापड येत असे. पूर्वेकडच्या किनाऱ्यालगतच्या प्रदेशांतला मालही आधी तगरला गोळा होई आणि मग बैलगाड्यांतून, बिकट वाटांनी, पश्चिम समुद्राकडे जाई. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे.

या नोंदीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. तगर हे समुद्रकाठचे बंदर नव्हते. समुद्रापासून इतक्या आत, मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळणाऱ्या एका मध्यम नदीच्या काठी हे नगर उभे होते. त्याचे ऐश्वर्य परकीय गलबतांच्या कृपेवर जन्मलेले नव्हते. मागे कापूस पिकवणारी काळी जमीन होती, तो कातणारे-विणणारे-रंगवणारे हात होते, माल बांधून पाठवणारे सार्थवाह होते आणि वाटा राखणारी सातवाहनांची राज्यव्यवस्था होती. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की, भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमच्या साम्राज्यातून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात. त्या तक्रारीमागे जे भारतीय कारागीर उभे होते, त्यांत तेरणाकाठचे विणकरही होते.

पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून जगभर ओळखली जाते. ती लक्ष्मी की यक्षी, हा पंडितांचा वाद चालू राहो. ती भारतीय हातांनी घडवली, यात वाद नाही. तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमांशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. नेपल्सच्या मूर्तीसमोर पर्यटकांची गर्दी असते. तेरच्या मूर्तीची चौकशी करणारे किती?

पत्ता सांगावा लागला परक्याने

तगर कोठे होते, हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटत नव्हता. विल्फर्डने देवगिरीकडे बोट दाखवले. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या प्रकांड पंडिताने धारूरचे नाव सुचवले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीटने तगर म्हणजे तेर, हे साधार मांडले, आणि हेन्री कझिन्सने तेरच्या वास्तूंचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात प्रसिद्ध केले.

या घटनाक्रमात अभिमानाची आणि शरमेची गोष्ट एकत्र आहे. अभिमानाची ही की, भगवानलाल आणि भांडारकर हे या शोधात कोणत्याही गोऱ्या पंडिताच्या मागे नव्हते. त्यांचे उत्तर चुकले, पद्धत चुकली नाही. शरमेची ही की, ज्या समाजाने गोरोबाकाकांचे तेर वारकरी परंपरेत सहा-सात शतके जपले, त्याच समाजाच्या स्मृतीतून तेच गाव तगर आहे ही गोष्ट पुसली गेली होती. स्थान राहिले, ओळख हरवली. आत्मविस्मृती म्हणतात ती हीच.

पुढे १९५८ साली चापेकर यांनी तेरला उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. नंतरच्या दशकांतही उत्खनने झाली. सातवाहन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या आणि केओलिनच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू, मद्यकुंभांचे तुकडे, विटांचा स्तूप अशी एका संपन्न नगराची साक्ष जमिनीने दिली. ही साक्ष मराठी घरांपर्यंत मात्र आली नाही. पाठ्यपुस्तकात तेर आले तरी बहुधा सातवाहनकालीन व्यापारी केंद्रांच्या यादीतले एक नाव म्हणून येते. परीक्षेत एका गुणासाठी पाठ होते आणि निकालानंतर विसरले जाते.

दोन खोटे आरसे

तगरकडे पाहण्यासाठी दोन आरसे वापरले जातात, आणि दोन्ही खोटे आहेत.

पहिला आरसा परक्यांनी दिलेला. त्यात भारतीय नगर दिसते ते रोमच्या सावलीसारखे. रोमन मद्यकुंभाचा तुकडा सापडला की ते नगर महत्त्वाचे. न सापडला तर ते खेडे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरने पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे खोदले आणि त्याला इंडो-रोमन व्यापारी ठाणे म्हटले. पुढे विमला बेगले यांनी १९८९ ते १९९२ या काळात तेथेच पुन्हा उत्खनन केले, आणि रोमन माल येण्याच्या आधीपासून ती वसाहत नांदत होती, हे पुढे आले. तगरच्या बाबतीत हाच न्याय लावला पाहिजे. दुहेरी साच्यातून मूर्ती काढण्याचे तंत्र पश्चिमेकडून आले असेल. तेरच्या कारागिरांनी त्या साच्यातून ज्या स्त्रिया घडवल्या, त्यांचे अलंकार आणि केशरचना मात्र याच मातीतल्या आहेत. तंत्र उचलणे ही गुलामी नव्हे. आत्मविश्वास असलेला समाज बाहेरचे तंत्र घेतो आणि त्याला आपले रूप देतो.

दुसरा आरसा मात्र परक्याने दिलेला नाही, आणि म्हणून त्याबद्दल अधिक कठोर बोलणे भाग आहे. हा आरसा सुवर्णयुगाच्या भाषणांचा. व्यासपीठावरून भारताच्या प्राचीन वैभवाचे वर्णन होते, टाळ्या पडतात, आणि वक्ता व श्रोता दोघेही त्या वैभवाचा एक तुकडाही न पाहता घरी जातात. पुराणातली वानगी पुराणात. अरिकमेडूचा गैरसमज घोषणेने दूर झाला नाही. तो दूर झाला कुदळीने, ब्रशने, थरांच्या मोजमापाने आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने. जो समाज पुरावा जपत नाही, त्याच्या अभिमानाला जगात कोणी विचारीत नाही. आणि विचारू नये, हेही न्यायाचेच आहे.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे उदाहरण घ्यावे. विटांनी बांधलेली, मागील बाजू अर्धगोल असलेली आणि गजपृष्ठाकार छताची ही वास्तू देशात दुर्मिळ आहे. तिच्या तोडीचे दुसरे उदाहरण म्हणून आंध्रातल्या चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिराचे नाव घेतले जाते. कझिन्सने तिचा घाट पाहून ती मूळची बौद्ध चैत्यगृहाची वास्तू असल्याचे मत मांडले. आज तेथे बळीच्या दारी तीन पावले मागणाऱ्या विष्णूची पूजा होते. काहींना या एका वाक्यातून भांडण उभे करायचे असते. काहींना त्यातला अर्धा भाग लपवायचा असतो. दोघांनाही वास्तूशी कर्तव्य नाही. सत्य सांगण्याने या भूमीचे काहीच उणे होत नाही. याच गावात विटांचा स्तूप मिळाला, याच गावात उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकट घडली, याच परिसराचा उल्लेख मुनी कनकामराच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश जैन काव्यात तेरापूर म्हणून येतो, आणि याच तेरणाकाठी गोरोबांची समाधी आहे. बौद्ध, वैष्णव, शैव, जैन, वारकरी या सर्वांचे पाय ज्या मातीत रोवलेले आहेत, ती माती एकाची मालमत्ता नाही, आणि म्हणूनच तिची राखण करणे हे सर्वांचे कर्तव्य आहे.

पांढरी आणि काळी

मराठवाड्यातला शेतकरी गावाची जमीन दोन शब्दांत सांगतो. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथे पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या, भिंती उभ्या राहिल्या आणि पडल्या, राख आणि शेण मिसळत गेले, तिथली माती पांढुरकी होते. म्हणून जुन्या वस्तीचे टेकाड म्हणजे पांढरी. पुरातत्त्वज्ञाला जे हवे असते ते नेमके तिथे असते, आणि ते ओळखण्याचा शब्द मराठी माणसाजवळ पुरातत्त्वशास्त्र जन्मण्याच्या आधीपासून आहे.

दुर्दैव असे की, हीच माती उपयोगाचीही आहे. माळवदावर घालायला पांढरी माती लागते, भिंतीला लागते, आणि राखेचा अंश असल्याने शेतालाही मानवते. त्यामुळे राज्यभरच्या पांढऱ्या शतकानुशतके खणल्या गेल्या. पूर्वी हे काम टोपलीने आणि बैलगाडीने होई. एक टेकाड संपायला पिढ्या जात. आता यंत्राचा लोखंडी हात आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. जे टेकाड दोन हजार वर्षे उन्हापावसात टिकले, ते सपाट व्हायला एक उन्हाळा पुरतो.

पांढरीतून निघालेला मणी किंवा नाणे उचलून कपाटात ठेवले म्हणजे इतिहास वाचला, असे अनेकांना वाटते. हा भ्रम आहे. मण्याची किंमत मण्यात नसते. तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या नाण्याच्या वर किंवा खाली सापडला, यात असते. थर मोडला की मणी मुका होतो. ग्रंथाची पाने फाडून त्यांतली सोनेरी अक्षरे तेवढी कापून ठेवावीत, तसा हा प्रकार. आणि एकदा मोडलेला थर पुन्हा रचता येत नाही. पडलेले देऊळ उभारता येते. खणलेली पांढरी परत येत नाही.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे यांचा कायदा १९६० सालचा आहे. केंद्राच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापारावर परवान्याचे बंधन घातले आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई केली. १९७६ साली संविधानात आलेल्या ५१ (क) या अनुच्छेदाने वारशाचे मोल जाणून तो जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. परंतु पहाटेच्या अंधारात टेकाडाला लागलेले यंत्र अनुच्छेद वाचत नाही. ते थांबवायला गावातला माणूस उभा राहावा लागतो.

असा एक माणूस तेरला उभा राहिला होता. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. पाऊस पडून गेला की टेकाडांवर उघड्या पडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे वेचल्या, जपल्या, आणि तो हजारो वस्तूंचा संग्रह अखेर शासनाच्या स्वाधीन केला. तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांना या वस्तू विकून धन करता आले असते, त्यांनी त्या समाजाला दिल्या. अशा निःस्पृह वृत्तीचे गोडवे गाणे सोपे आहे. तिचे अनुकरण करणारे दहा गावांत दहा जण निघाले असते, तर आज चित्र वेगळे दिसले असते.

पाटी बदलली, पुढे काय?

२०२३ साली उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. अनेक वर्षांची मागणी पूर्ण झाली, आनंदोत्सव झाले. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. हरवलेले नाव परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नाव परत मिळवणाऱ्यांवरच पुढची जबाबदारी येते. पाटीवरचे प्राचीन नाव आणि पायाखालची खणली जाणारी प्राचीन पांढरी, या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात सुखाने नांदत असतील, तर ते नामांतर अपुरे आहे. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. वारसा राखायला पिढी लागते.

काय करता येईल, हे अवघड नाही. तेरच्याच नव्हे, तर राज्यातल्या प्रत्येक गावाच्या पांढरीची मोजणी होऊन तिची नोंद महसुली कागदपत्रांत झाली पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या मालकीच्या जागेत टेकाड आहे, त्याला रास्त मोबदला मिळाला पाहिजे. गरिबाच्या पोटावर पाय देऊन वारसा टिकत नाही. शेतासाठी सुपीक माती हवी असेल तर धरणातल्या गाळाची सोय आहे. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाच त्यासाठी आली. ग्रामसभेने पांढरी न खणण्याचा ठराव करावा आणि तो पाळावा. तेरच्या उत्खननांचे सार शाळकरी मुलाला कळेल अशा मराठीत उपलब्ध व्हावे.

आणि सर्वांत सोपे काम कुटुंबांचे आहे. तुळजापूरला कुळाचाराला जाणाऱ्या प्रत्येक घराने एक दिवस वाढवून तेर पाहावे. त्रिविक्रमासमोर हात जोडावेत, गोरोबांच्या समाधीवर डोके टेकावे, आणि मग मुलांना घेऊन संग्रहालयातल्या त्या इवल्याशा मातीच्या मूर्तींसमोर दहा मिनिटे उभे राहावे. ज्या गावात माणसे येतात, विचारतात, त्या गावाला आपल्या टेकाडाची किंमत आपोआप कळते.

गोरोबाकाकांची एक कथा मराठी घरोघरी ठाऊक आहे. संतमेळ्यात मुक्ताईने त्यांना विचारले, यांतली मडकी भाजलेली किती आणि कच्ची किती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून परीक्षा केली. नामदेव रागावले, मडके कच्चे आहे, असा निर्वाळा मिळाला. नामदेवांचा मोठेपणा असा की, त्यांनी तो निर्वाळा स्वीकारला, विसोबा खेचरांना शरण गेले आणि पक्के होऊन परतले.

प्राचीन वैभवाचा अभिमान बाळगणाऱ्या आजच्या मराठी समाजावर तेच थापटणे तेरच्या पांढरीने उगारले आहे. पूर्वजांनी विणलेले कापड परदेशी गेले, घडवलेल्या मूर्ती टिकल्या, पण ज्या मातीत त्याचा पुरावा आहे ती माती वंशजांच्या डोळ्यांदेखत ट्रॉलीत भरली जात असेल, तर त्या अभिमानाचे मडके कच्चेच म्हणावे लागेल. थापटणे बसल्यावर रुसायचे की भट्टीत उतरायचे, हे समाजाने ठरवायचे आहे. वेळ फार नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे जात आहेत, आणि प्रत्येक उन्हाळ्यात कोठे ना कोठे एक पांढरी कमी होत आहे.